बावीस नंबरची फ्रेम

१

फोटोत टपाल कचेरीचं घड्याळ होतं, काटे दोन वाजून दहा मिनिटांवर होते. घड्याळाखाली फुटपाथ होता, दिव्याचा खांब होता, खांबाला टेकवलेली कोणाची तरी सायकल होती. नव्हता तो फक्त चावीवाला. त्याच्या जागेवर उन्हाचा एक रिकामा पट्टा पडला होता.

ठाण्याच्या साहेबांनी भिंग खाली ठेवलं आणि टेबलासमोर बसलेल्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"हाच तुमचा पुरावा?"

तिघांपैकी एक चावीवाल्याची वकील. तरुण, हुशार, आणि आत्ता तोंडात मारल्यासारखी गप्प. दुसरे तिचे काका. पोलीस खात्यात चौतीस वर्षं फोटो काढून निवृत्त झालेले. खात्यात त्यांना फ्लॅशकाका म्हणत, पण ते काही चपळाईचं कौतुक नव्हतं. चहाचा कप उचलायचा की नाही, यावरही काका मिनिटभर विचार करत. निगेटिव्ह वाचता येणारं माणूस हवं म्हणून पुतणीने त्यांना आज ओढून आणलं होतं.

तिसऱ्या मावशी. त्या रस्त्यावर मावशींना ओळखत नाही असं कोणी नव्हतं. एकतीस वर्षं त्या गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडत होत्या आणि काढायच्या काय, तर काहीच नाही, असं लोक म्हणायचे. दाढी करून घेणारा माणूस, फाटलेल्या पिशवीतून सांडलेलं गोळा करणारी बाई, बसची वाट बघता बघता एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले दोन अनोळखी. सगळं काळं-पांढरं, सगळं फिल्मवर. त्यातला एक फोटो मात्र रोजचा ठरलेला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी टपाल कचेरीचा कोपरा, त्याच एका खांबाजवळून. अंगात ताप असला तरी त्यात खंड नाही.

"मी काढला होता," मावशी म्हणाल्या. "तो होता तिथे. मांडीवर फळी घेऊन चावी घासत होता. समोर गिऱ्हाईक उभं होतं."

"मग फोटोतून उठून गेला का?"

मावशी काही बोलल्या नाहीत. फ्लॅशकाकांना हे जरा खटकलं. या बाईंनी भर रस्त्यात महापौरांना "बाजूला व्हा, उजेड अडवताय" म्हटलेलं त्यांनी स्वतः ऐकलं होतं.

प्रकरण असं होतं. मंगळवारी दुपारी कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी दीड वाजता दुकान बंद केलं आणि अडीचला उघडलं, तर कुलूपबंद कपाटातला ट्रे गायब. लोकांनी दुरुस्तीला दिलेली अकरा जुनी घड्याळं त्यात होती. कोणाच्या आजोबांचं, कोणाच्या लग्नातलं. मागचं दार आणि कपाट, दोन्ही किल्लीने उघडलेली. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी दोन वाजता एक माणूस मागच्या दाराने आत जाताना पाहिला आणि दहा मिनिटांनी बाहेर पडताना. पण पाठमोरा. दुकानामागच्या गल्लीचं दुसरं तोंड नळाच्या खोदकामाने बंद होतं, म्हणजे तो बाहेर पडला तो टपाल कचेरीच्या कोपऱ्यावरूनच. कपाटाची दुसरी किल्ली गेल्या वर्षी चावीवाल्याने करून दिली होती. गुरुवारी दुपारी चारला पोलिसांनी त्याला उचललं. त्याने एवढंच सांगितलं, "मी जागेवरून हललो नाही. मावशींनी माझा फोटो काढलाय, त्यांना विचारा."

आज शुक्रवार. मावशींनी फाईल आणली होती आणि मंगळवारच्या रोलमध्ये चावीवाल्याची जागा रिकामी होती.

"वय झालं की आठवणी सरमिसळ होतात, मावशी," साहेब जरा मऊ होऊन म्हणाले. "कोणी दोष देत नाही. सोमवारी जामिनाची सुनावणी आहे, तिथे मात्र हे असं काही सांगू नका."

फ्लॅशकाकांनी फाईल स्वतःकडे ओढली. खिडकीच्या उजेडात एकेक पट्टी धरली, मग अख्ख्या रोलचे छोटे फोटो असलेला कॉन्टॅक्टचा कागद पाहिला, मग पुन्हा पट्ट्या. दहा मिनिटं गेली. साहेबांनी दोनदा मनगटाकडे पाहिलं.

"फोटो खरा आहे," काका शेवटी म्हणाले.

पुतणीचा चेहरा उतरला. ठाण्याच्या पायऱ्या उतरून मावशींना रिक्षात बसवून देईपर्यंत तिने काकांकडे पाहिलंही नाही. रिक्षा वळल्यावर काकांनी चष्मा पुसला.

"खरा आहे," ते म्हणाले, "पण मंगळवारचा नाही."

२

"हे आत सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं?" पुतणी म्हणाली.

काकांनी तिच्या वहीतला कोरा कागद घेतला आणि त्यावर एकाखाली एक चौकोन काढले.

"फिल्मच्या कडेला बारीक नंबर असतात, ते कारखान्यात छापलेले असतात. फोटो छापतो कॅमेरा. दोघांची गाठ कुठे पडेल हे रोल भरताना फिल्म कुठे अडकवली त्यावर ठरतं. कधी नंबर फोटोच्या डाव्या कोपऱ्याखाली येतो, कधी मधोमध. पण एकदा जिथे आला तिथेच शेवटपर्यंत येतो. छत्तीसच्या छत्तीस फोटोंना."

"बरं."

"मंगळवारच्या रोलमध्ये सहा-सहा फोटोंच्या सहा पट्ट्या आहेत. पाच पट्ट्यांवर नंबर डाव्या कोपऱ्याखाली आहे. एकोणीस ते चोवीस या पट्टीवर मधोमध. तुझा टपाल कचेरीचा फोटो बावीस नंबरचा, म्हणजे त्याच पट्टीवर. कोणीतरी खरी पट्टी काढून दुसऱ्याच रोलची घातली आहे. नंबर जुळवले, घड्याळातली वेळ जुळवली, उन्हाचा तिरपेपणासुद्धा जुळवला. एवढं एक राहिलं."

पुतणीचे डोळे चमकले, पण ती वकील होती, लगेच सावध झाली. "हे साहेबांना सांगितलं असतंत तर ते म्हणाले असते की मावशींनीच बदलली."

"म्हणूनच तोंड शिवलं होतं."

मग दोघं कोठडीत जाऊन चावीवाल्याला भेटले. पन्नाशीचा, हडकुळा, बोटांच्या पेरांत लोखंडाची काळी पूड मुरलेला माणूस. तो रडत नव्हता. काकांना ते जास्त जड गेलं.

"जामीन मिळेल न मिळेल," तो म्हणाला, "पण वकीलबाई, चोरीचा डाग लागलेल्या चावीवाल्याकडे कोण किल्ली देईल? माझ्या हातात लोक घर देतात हो. सुटलो आणि संशय तसाच राहिला, तर मी सुटलो काय आणि आत राहिलो काय."

त्याला खरी पट्टी हवी होती. नुसती पळवाट त्याच्या कामाची नव्हती.

"तुझं वाकडं कोणाशी?" काकांनी विचारलं.

चावीवाल्याने बराच वेळ आठवलं. "मावशींचे प्रिंटवाले मास्तर बोलत नाहीत माझ्याशी. मागे त्यांच्या घराची चावी केली होती, ती अडकली. मास्तर पाच तास जिन्यात बसले."

३

मावशींच्या घराला लागूनच त्यांची फिल्म धुण्याची अंधारी खोली होती. तिच्या किल्ल्या तिघांकडे: मावशी, मास्तर आणि मावशींचा भाचा. शनिवारी सकाळी काका पोचले तेव्हा मास्तर ट्रे विसळत होते. मोठे प्रिंट करायला ते रोज सकाळी दोन-तीन तास यायचे.

"चावीवाला?" मास्तर म्हणाले. "त्याला चोर म्हणणाऱ्याला अक्कल नाही. ज्याला माझं साधं दार उघडता आलं नाही, तो लोकांची कपाटं कसली उघडतोय."

काकांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. पाच तास जिन्यात बसलेला माणूस गोडही बोलू शकतो.

"मंगळवारच्या रोलला तुम्ही हात लावला होता?"

"मावशींच्या फिल्मला त्यांच्याशिवाय कोणी कात्री लावत नाही, साहेब. ज्या दिवशी रोल, त्याच संध्याकाळी धुणार. दुसऱ्या दिवशी कापणार, आणि संध्याकाळी कॉन्टॅक्ट करणार. सगळ्या पट्ट्या एका कागदावर शेजारी शेजारी मांडायच्या, वर काच, की अख्ख्या रोलचे छोटे छोटे फोटो एका पानावर. मग त्यातला कुठला मोठा करायचा ते मला सांगणार. मी मोठा करणार. एवढंच माझं काम."

"मंगळवारच्या रोलचा कॉन्टॅक्ट तुम्ही कधी पाहिलात?"

"गुरुवारी. नऊला आलो तर दोरीवर होता. वाळून कडक झालेला." मास्तर थांबले. "मावशींनी सांगितलं, यातलं काही मोठं करायचं नाही. म्हटलं बरं."

काकांचा हात कानाशी गेला. काही पटेनासं झालं की ते कानाची पाळी चोळायचे. गुरुवारी सकाळी नऊ वाजता दोरीवर कॉन्टॅक्ट होता, आणि काल ठाण्यात त्यांनी पाहिलेल्या कॉन्टॅक्टवर ती खोटी पट्टी छापलेली होती.

"कॉन्टॅक्ट एकच केला होता? नंतर पुन्हा नाही ना?"

"कागदाचं पाकीट बुधवारी माझ्यासमोर उघडलं. त्यातून एकच कागद गेलाय. मी मोजतो."

"आणि भाचा? तो करतो का कॉन्टॅक्ट?"

मास्तर हसले. "तो या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. हायपोचा, त्या फिल्म धुण्याच्या औषधाचा, वास लागला की त्याच्या अंगावर गांधी उठतात. लहानपणापासून."

काका बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. चावीवाल्याला पकडलं गुरुवारी दुपारी चारला. पट्टी बदलली गेली ती बुधवारी. म्हणजे ज्याने बदलली त्याला चावीवाल्यावर आळ येणार हे माहीतच नव्हतं.

४

भाचा पुढच्या खोलीत स्कॅनरसमोर बसला होता. पस्तिशीचा, देखणा, बोलायला लाघवी. चार वर्षांचा असताना आईबाप गेले, तेव्हापासून आत्याकडे वाढलेला. काकांना बसायला खुर्ची देऊन त्याने आधी आतल्या खोलीत आत्याची गोळी आणि पाणी नेऊन दिलं.

"आत्याच्या एकतीस वर्षांच्या निगेटिव्ह कॉम्प्युटरवर घेतोय," तो म्हणाला. "पहिल्यापासून सुरुवात केली, अजून बारा वर्षांपूर्वीच्या फायलींत आहे. अलीकडचं काही झालेलं नाही, म्हणजे तुमच्या कामाचं माझ्याकडे काही नाही."

भिंतीशी पुठ्ठ्याच्या पेट्या रचल्या होत्या. निम्म्यांना दोरी बांधून झाली होती.

"हे कुठे निघालं?"

"मित्राकडे मोठं मशीन आहे. उद्या अकराला टेम्पो येतोय. सगळं एकदम नेतो, महिन्याभरात काम हातावेगळं होईल."

"सगळं?"

"सगळं." तो हळू आवाजात पुढे म्हणाला, "काका, तुम्हाला म्हणून सांगतो. आत्याच्या डोक्यात हल्ली गोंधळ होतो. काल काय झालं ते आठवत नाही. चावीवाल्यावर जीव आहे तिचा, त्यामुळे तो दिसला असं तिला मनापासून वाटत असणार."

फ्लॅशकाकांना राग आला. या वयात सगळ्यांत आधी माणसाची आठवणच संशयित ठरते, हे त्यांना स्वतःच्या घरातही अधूनमधून कळायचं.

"मंगळवारी दोन वाजता तुम्ही कुठे होतात?"

"मी? इथेच. स्कॅनिंग. आत्याला विचारा की."

मावशी दारात उभ्या होत्या. कधी आल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मी रस्त्यावर होते," त्या म्हणाल्या. "घरात कोण होतं ते मला काय माहीत."

भाचा हसला, पण ते हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. काकांनी मावशींकडे पाहिलं. घड्याळजींच्या जाहिरातीचे फोटो याच भाच्याने गेल्या महिन्यात काढले होते, तीन दिवस तो दुकानात होता आणि किल्ल्या तिथे समोरच टांगलेल्या असत, हे पुतणीने कालच सांगितलं होतं. त्याला पत्त्यांचा नाद आहे हेही गल्लीत कोणापासून लपलेलं नव्हतं. काकांना तपासाची दिशा दिसत होती आणि ती त्यांना अजिबात आवडत नव्हती.

"मावशी, तुमची वही मिळेल?" त्यांनी विचारलं. "रोलमध्ये कुठल्या नंबरला काय काढलं, ते लिहिता ती. दोन-तीन वर्षांची."

"आत्या, वह्या बांधून झाल्यात," भाचा म्हणाला. "उगाच सगळं सोडावं लागेल."

मावशी खाली बसल्या. एका पेटीची दोरी त्यांनी स्वतः सोडली, तीन वह्या काढल्या आणि काकांच्या हातात दिल्या.

५

संध्याकाळी काकांनी कोठडीत जाऊन चावीवाल्याला एकच प्रश्न विचारला.

"जागेवर नव्हतास असे दिवस किती?"

"सुट्टी घेत नाही मी. एकदाच गेलो होतो. तीन वर्षं झाली, लेकीच्या बाळंतपणाला. अकरा दिवस. महिना हाच होता, कारण नातवाचा वाढदिवस येतोय."

त्या अकरा दिवसांत मावशींनी नऊ रोल काढले होते. वहीत टपाल कचेरीचा कोपरा कुठे अकरा नंबरला होता, कुठे तीसला, कुठे सातला. बावीसला फक्त एका रोलमध्ये होता. काकांनी त्यावर बोट ठेवलं आणि वही पुतणीपुढे सरकवली.

"खोटी पट्टी इथून आली."

"म्हणजे चावीवाला नसलेला दिवस मुद्दाम शोधला? मग तर हे त्याच्या वैऱ्याचंच काम."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण पट्टी बदलली बुधवारी, त्याला पकडलं गुरुवारी. बुधवारी त्याचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. मग त्याला फोटोतून कोण कशाला काढेल?" काकांनी कान चोळला. "बदलणाऱ्याने वही उघडली, बावीस नंबरला कोपरा असलेला याच महिन्यातला रोल शोधला, नंबर पाहिला, घड्याळ पाहिलं, ऊन पाहिलं. फुटपाथवर कोण बसलंय आणि कोण नाही, हे पाहिलंच नाही. घाई झाली असेल, डोळ्यांत पाणी असेल. चावीवाला गेला तो चुकून."

पुतणीने वहीतली ती ओळ पुन्हा वाचली. "मग लपवायचं काय होतं?"

"तूच सांगितलंस की. चोर दोन वाजून दहाला बाहेर पडला. गल्ली एका बाजूने खोदलेली. जायचं तर कोपऱ्यावरूनच. आणि दोन वाजून दहाला त्या कोपऱ्याचा फोटो रोज निघतो."

"चोर फोटोत आहे."

"असणार. आता कॉन्टॅक्ट कोणी केला बघ. भाचा त्या खोलीत जात नाही. मास्तर आले तेव्हा कागद वाळलेला होता. राहिलं कोण? आणि ज्या बाईने एकतीस वर्षं पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या, तिला एका ओळीतले नंबर भलतीकडे गेलेले दिसले नाहीत, असं मी मरेपर्यंत मानणार नाही."

"काका, पण त्यांनी साहेबांना सांगितलं की तो तिथे होता."

"खरंच सांगितलं. तोंडाने त्या एकदाही खोटं बोललेल्या नाहीत, आठवून बघ. खोटं बोलली ती फक्त फिल्म." काकांनी वही मिटली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. करतील काय."

"आणि खरी पट्टी? ती तर जाळून टाकली असेल."

"भाच्याच्या हाती लागली तर जाळेल. त्याला संशय आलाय, म्हणून तर टेम्पो. मावशी जाळणार नाहीत. दाढी करून घेणाऱ्या माणसाची निगेटिव्ह ज्यांनी एकतीस वर्षं जपली, त्यांच्या हातून ते होणार नाही. आणि जुन्या रोलमधली पट्टी काढली तर तिथे भोक पडलं. ते कशाने भरलं असेल?"

पुतणी उभी राहिली. "टेम्पो अकराला आहे."

६

रविवारी दहा वाजता फ्लॅशकाका वह्या परत करायला म्हणून गेले. भाचा टेम्पोवाल्याला पत्ता दाखवायला नाक्यावर गेला होता. खोलीत मावशी एकट्या होत्या, बांधलेल्या पेट्यांच्या मध्ये स्टुलावर बसलेल्या.

"तीन वर्षांपूर्वीची पेटी कुठली?" काकांनी विचारलं.

मावशींनी बोट दाखवलं. काकांनी दोरी सोडली. फाईल मिळाली. चौथी पट्टी, एकोणीस ते चोवीस. आजूबाजूच्या पट्ट्यांवर नंबर मधोमध होता, हिच्यावर डाव्या कोपऱ्याखाली.

त्यांनी पट्टी खालून उजेड देणाऱ्या लाइटबॉक्सवर ठेवली आणि भिंग लावलं. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, पण काकांना ते उलटं वाचायची सवय होती. चावीवाला होता. मांडीवर फळी, मान खाली, समोर पिशवी घेतलेलं गिऱ्हाईक. वर घड्याळ, दोन वाजून दहा. आणि मागे गल्लीच्या तोंडाशी एक माणूस, खांद्याला पिशवी. मागे वळून पाहता पाहता चेहरा कॅमेऱ्याकडे आलेला. स्पष्ट.

"त्याला माहीत होतं की मी रोज त्या वेळी तिथे असते," मावशी म्हणाल्या. "पण त्या दिवशी मी डॉक्टरकडे जाणार होते. गेले नाही. फोटो चुकला असता."

काका समोर बसले.

"बुधवारी फिल्म कापताना दिसला. मला वाटलं, घड्याळंच आहेत. समजावेन, परत ठेवायला लावेन. तोवर ही पट्टी तेवढी नको. कॉन्टॅक्ट करताना नंबर मधोमध आलेले दिसले. पुन्हा करायला हवा होता." त्या थांबल्या. "नाही केला. कोणीतरी बघावं असंच वाटत असेल मला. गुरुवारी चावीवाल्याला नेलं. शुक्रवारी ठाण्यात भिंग लावलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याची जागा रिकामी आहे. रोज बघते हो मी त्याला. एकतीस वर्षं माणसंच बघितली, आणि त्या दिवशी नुसतं घड्याळ बघितलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. काकांना त्यांची दया आली, आणि रागही आला. तीन दिवस एक निरपराध माणूस फरशीवर झोपत होता.

"ही पट्टी मी नेऊ शकतो," ते म्हणाले. "पण फोटो मंगळवारचा आहे हे सांगायला तुम्हीच लागाल. नाहीतर उद्या कोर्ट म्हणेल, म्हातारीने एकदा बदलली, पुन्हाही बदलेल."

खाली हॉर्न वाजला. जिन्यावर पावलं आली, दोन-दोन पायऱ्या एकदम. भाचा दारात आला, सोडलेली पेटी पाहिली, लाइटबॉक्स पाहिला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत्या," तो हात पुढे करून म्हणाला, "दे ती इकडे."

काका उठायच्या आत मावशींनी पट्टी उचलली होती. क्षणभर काकांना वाटलं की संपलं सगळं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती पट्टी त्यांच्या दोन बोटांत लटकत होती, आणि भाचा हातभर अंतरावर होता.

"घड्याळं कुठे आहेत?" मावशींनी विचारलं.

त्याचा हात तसाच पुढे होता.

"मी बुधवारी तुला विचारलं, मंगळवारी कुठे होतास. तू म्हणालास घरी. काल या काकांसमोर पुन्हा म्हणालास. आणि माझ्या डोक्यात गोंधळ होतो, असंही म्हणालास. मी दारात होते."

"आत्या, तो चावीवाला सुटेल गं. पुरावा काय आहे त्याच्यावर? चार दिवसांत सुटेल. मी नाही सुटणार."

"हो," मावशी म्हणाल्या. "तू नाही सुटणार."

त्यांनी पट्टी काकांच्या हातात दिली. काकांनी ती पाकिटात घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते वेळेवर हलले असावेत.

"टेम्पो परत पाठव," मावशी भाच्याला म्हणाल्या. "ठाण्यात जायचं असेल तर आज जा, मी सोबत येते. नाही गेलास तर उद्या मी सांगणार आहे."

तो जिना उतरून गेला. टेम्पो परत गेला. मावशी संध्याकाळपर्यंत चपला घालून बसल्या होत्या, पण तो आला नाही.

७

सोमवारी कोर्टात मास्तरांनी केलेला मोठा प्रिंट ठेवला गेला. पुतणीने फिल्मचे नंबर समजावले. फ्लॅशकाकांना साक्षीला इतका वेळ लागला की न्यायाधीशांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण शेवटी त्यांनी स्वतः भिंग मागून घेतलं आणि दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून मान डोलावली. मग मावशींना बोलावलं.

फोटो कधीचा, ते त्यांनी सांगितलं. पट्टी कोणी बदलली, तेही सांगितलं. साहेबांचं पेन हातातच राहिलं. आरोपीच्या जागी उभा असलेला चावीवाला मावशींकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद कुठेच नव्हता. मावशींनी त्याच्याकडे पाहून हात जोडले. त्याने मान खाली घातली.

"हा मागे गल्लीच्या तोंडाशी जो माणूस आहे," न्यायाधीशांनी विचारलं, "त्याला तुम्ही ओळखता?"

मावशींनी प्रिंट हातात घेतला नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"माझा भाचा आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षांचा होता तेव्हापासून माझ्याकडे आहे."

लिहून घेणाऱ्या कारकुनाला ते ऐकू गेलं नाही. त्याने मान वर करून पुन्हा सांगायला सांगितलं, आणि मावशींनी ते पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने.